हार्डडिस्क कुठल्या कंपनीची घ्यावी? नवख्यांसाठी, पहिल्यापासून

सीगेट घेऊ का डब्ल्यूडी, असं कुणी विचारलं की दहा जण दहा उत्तरं देतात आणि गंमत म्हणजे दहाही जण स्वतःच्या अनुभवावरनंच बोलत असतात. ज्याची सीगेट उडाली तो म्हणतो सीगेटचं नाव काढू नको, ज्याची डब्ल्यूडी उडाली तो नेमका उलटं सांगतो. आता घरात एक-दोन डिस्क वापरणाऱ्या माणसाच्या अनुभवावरनं कंपनीबद्दल काय ठरणार? एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन डिस्कपैकी एक दहा वर्षं चालते आणि दुसरी सहा महिन्यांत मान टाकते. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असेल त्यांची सुटका: कंपनी बघा, पण तिसऱ्या नंबरला बघा. आधी मॉडेल, मग विकणारा, मग कंपनी. बाकी खाली सगळं क्रमाने आहे, सामान घेताना मोबाईलवर उघडं ठेवलंत तरी चालेल.

१. हार्डडिस्कच हवीये का ते आधी ठरवा

कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून मोठी हार्डडिस्क टाकायला निघालेले बरेच जण असतात. त्यांनी इथेच थांबा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा, नुसतं विंडोज चालू करून बसलात तरी डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर तुम्हाला जागा नकोय, तुम्हाला एसएसडी हवीये, म्हणजे आत काही न फिरता चिप्सवर डेटा ठेवणारी डिस्क. फिरती हार्डडिस्क सलग मोठी फाइल दीड-दोनशे एमबी पर सेकंदाने वाचते, ते वाईट नाही, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात आणि तिथे डिस्कचं हेड नुसतं पळत राहतं. साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी, ५५० च्या आसपास जाते, एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची तर जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीची ३५०० आणि जेन ४ ची ७००० पर्यंत, पण खरा फरक या मोठ्या आकड्यांत नाही, तो त्या छोट्या फाइलींमध्ये आहे, म्हणून जुन्या लॅपटॉपला अगदी साधी एसएसडी लावली तरी माणूस खूश होतो.

म्हणजे हिशोब सरळ आहे. विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवर, लग्नाचे व्हिडिओ, फोटो, बॅकअप, सिनेमे हे हार्डडिस्कवर. टीबीमागे पैसे बघितले तर हार्डडिस्क अजूनही खूप स्वस्त पडते, आणि सध्या एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केल्यापासून एसएसडीचे भाव वर गेलेत, त्यामुळे ४ टीबीची एसएसडी घेऊन तिच्यात सिनेमे भरण्यात काही अर्थ नाही.

२. बसणार कुठे?

डेस्कटॉपला साडेतीन इंची हार्डडिस्क, लॅपटॉपला अडीच इंची, हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो एम डॉट टूमध्ये. एम डॉट टू हा फक्त आकार आहे, त्या आकारात साटाची एसएसडी पण येते आणि एनव्हीएमईची पण येते, दोन्ही दिसायला च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या, आणि काही मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये यातली एकच चालते. ओळखायचं कसं, तर कनेक्टरला एक खाच असेल तर ती बहुतेक एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुतेक साटा. बहुतेक म्हणतोय कारण अपवाद आहेत, म्हणून मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि त्यात स्टोरेजचं पान वाचा. कितीतरी बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात हे पण तिथेच लिहिलेलं असतं, नाहीतर मग जुनी डिस्क दिसत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा बोर्ड असेल तर एनव्हीएमईवरून विंडोज बूट होईलच असं नाही, कार्ड लावून ती डी ड्राइव्ह म्हणून दिसेल पण बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, तिच्यावरून विंडोज सुरू करणार नाही. अशा मशीनला गुपचूप अडीच इंची साटा एसएसडी घ्या.

नुसती हार्डडिस्क घेतली तर सोबत साटा केबल येत नाही, स्क्रू पण येत नाहीत. केबल आधीच घेऊन ठेवा. आणि एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायला, साटाची पॉवर पिन उरली नसेल तर मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या प्लगवरून, साटा करणारा जो स्वस्तातला ओतीव प्लास्टिकचा कन्व्हर्टर मिळतो तो घेऊ नका, त्यातल्या तारा आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतात असा, दाबून बसवलेला कन्व्हर्टर मिळतो, तो चालेल.

३. कंपन्यांची भानगड

फिरत्या हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्या आज जगात तीनच उरल्यात. सीगेट, वेस्टर्न डिजिटल म्हणजे आपली डब्ल्यूडी, आणि तोशिबा. बाकी जे कुठलं नाव डब्यावर दिसेल, एक्सटर्नल डिस्कवर तर कसलीही नावं असतात, आत डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. पूर्वी हे दुकान फार मोठं होतं. मॅक्सटरने क्वांटमचा हार्डडिस्कचा धंदा घेतला, मग २००६ मध्ये सीगेटने मॅक्सटरलाच घेतलं, २००९ मध्ये फुजित्सूच्या हार्डडिस्क तोशिबाकडे गेल्या, २०११ मध्ये सॅमसंगच्या सीगेटकडे, २०१२ मध्ये हिताचीचा विभाग डब्ल्यूडीकडे. त्यामुळे कुणी म्हणालं की आमच्याकडे सॅमसंगची जुनी हार्डडिस्क होती, काय चालायची, तसली बघा, तर तसली आता येत नाही. आज सॅमसंग म्हणजे एसएसडी.

आता यांच्यातली चांगली कोण? इथे एक किस्सा महत्त्वाचा आहे. २००० च्या सुमारास आयबीएमने डेस्कस्टार ७५जीएक्सपी नावाची डिस्क काढली, वेगात एक नंबर होती, आणि ती इतक्या जणांकडे बंद पडली की लोक तिला डेथस्टार म्हणायला लागले, अमेरिकेत कोर्टकचेरी झाली. आयबीएमने पुढे तो सगळा धंदा हिताचीला विकून टाकला. आणि त्याच डेस्कस्टार नावाच्या हिताचीच्या डिस्क काही वर्षांनी सगळ्यात टिकाऊ म्हणून ओळखल्या जायला लागल्या. नाव तेच, खानदान तेच, मॉडेल वेगळं.

उलटी उदाहरणंही आहेत. सीगेटचं बाराकुडा ७२००.११ हे मॉडेल २००८-०९ मध्ये फर्मवेअरमुळे, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमुळे गाजलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला की डिस्क बायोसला दिसेनाशीच व्हायची, आतला डेटा अगदी धडधाकट असून. मग २०११ ला थायलंडमध्ये पूर आला, तिथे डब्ल्यूडीचे कारखाने पाण्यात गेले, जगभर हार्डडिस्कचे भाव भडकले. त्याच्या आसपासच्या काळातली सीगेटची ३ टीबी, एसटी३०००डीएम००१ नंबरची, ती तर इतकी वाईट निघाली की २०१६ मध्ये तिच्यावर अमेरिकेत खटला दाखल झाला. सीगेटबद्दलची जी भीती लोकांच्या डोक्यात आहे ती बरीचशी या दोन मॉडेलची देणगी आहे.

डब्ल्यूडीवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. त्यांनी रेड नावाच्या, खास नॅससाठी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणाऱ्या डिस्कच्या डब्यासाठी, विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये गुपचूप दुसरी रेकॉर्डिंगची पद्धत घातली आणि डब्यावर, वेबसाइटवर कुठेच सांगितलं नाही, २०२० च्या एप्रिलमध्ये ते बाहेर आलं तेव्हा कबूल करावं लागलं. ती पद्धत काय ते पुढे सांगतो, घेताना सगळ्यात जास्त फसायला होतं ते तिथेच.

आकडेच हवे असतील तर बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आहे, लोकांचा बॅकअप ठेवते, त्यांच्याकडे तीन लाखांच्या वर डिस्क रात्रंदिवस फिरतात आणि कुठलं मॉडेल किती बंद पडलं हे ते २०१३ पासून जाहीर करतात. सगळ्या डिस्क मिळून २०२३ मध्ये वर्षाला १.४० टक्के बंद पडल्या, २०२४ मध्ये १.५७ टक्के. म्हणजे शंभरातल्या एक-दोन. कंपन्यांची सरासरी बघितली तर सीगेटचा आकडा बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा वर असतो, हे खरंय, पण त्यांच्याच २०२२ च्या आकड्यांत सीगेटचं ६ टीबीचं एक मॉडेल सरासरी सात वर्षांहून जास्त चालून झाल्यावर सुद्धा एक टक्क्याच्या आत होतं. एकाच कंपनीचं एक मॉडेल भंगार आणि एक सोनं. अजून एक लक्षात ठेवा, त्या डिस्क एसी खोलीत, चोवीस तास चालू, व्होल्टेज स्थिर अशा थाटात राहतात, आपल्याकडे दिवसातून दोनदा लाइट जाते आणि कॅबिनेटमध्ये धुळीचा थर असतो, तेव्हा त्यांचे आकडे जसेच्या तसे घरी लागू करू नका. सरासरीचा अंदाज घ्या आणि सोडून द्या.

तोशिबाबद्दल कुणी बोलत नाही कारण दुकानात कमी दिसते. डिस्क चांगल्या असतात, जरा आवाज करतात असं माझं मत. फक्त तुमच्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर कुठंय ते आधी बघा.

४. डब्यावरचं नाव सोडा, मॉडेल नंबर वाचा

प्रत्येक कंपनीच्या आत जाती आहेत. डब्ल्यूडीमध्ये रंग, ब्लू म्हणजे घरगुती, ब्लॅक जरा दमदार, रेड प्लस आणि रेड प्रो नॅससाठी, पर्पल सीसीटीव्हीसाठी. सीगेटमध्ये बाराकुडा घरगुती, आयर्नवुल्फ नॅससाठी, स्कायहॉक सीसीटीव्हीसाठी, एक्झॉस डेटा सेंटरसाठी. तोशिबाचं पी३०० घरगुती, एन३०० नॅस, एस३०० सीसीटीव्ही. आणि कंपनीला स्वतःला आपल्या मालावर किती भरवसा आहे ते वॉरंटीवरून कळतं, ब्लू आणि बाराकुडाला साधारण २ वर्षं, रेड प्लस, आयर्नवुल्फ, पर्पल, स्कायहॉकला ३, ब्लॅक, आयर्नवुल्फ प्रो आणि एक्झॉसला ५. कंपन्यांपेक्षा या जातींमधला फरक मोठा आहे.

आता ती रेकॉर्डिंगची पद्धत. हार्डडिस्कवर डेटा गोल रेघांमध्ये लिहिला जातो. साध्या पद्धतीत, सीएमआर म्हणतात तिला, या रेघा एकमेकींपासून सुट्या असतात. दुसऱ्या पद्धतीत, एसएमआर, रेघा घराच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं आणि डिस्क स्वस्त पडते. वाचायला काही अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी उचलून परत बसवावी लागतात, तसं मधली एक रेघ बदलायची तर त्या गटातल्या पुढच्या सगळ्या परत लिहाव्या लागतात. म्हणून एसएमआर डिस्कवर सुरुवातीला काही जीबी झकास कॉपी होतात, मग आतली राखीव जागा भरली की स्पीड धाडकन पडतो, १५० वरून ३०, कधी त्याच्याही खाली, आणि नवखा माणूस म्हणतो डिस्क खराब लागली. खराब नसते, ती तशीच असते.

कुठली कशी ते नावावरून कळत नाही, नंबरवरून कळतं. सीगेट बाराकुडा १ टीबी, एसटी१०००डीएम०१० ही सीएमआर आहे आणि त्याच बाराकुडाची २ टीबी, एसटी२०००डीएम००८ ही एसएमआर. डब्ल्यूडी ब्लूमध्ये १ टीबीची डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स सीएमआर, आणि २ टीबीची डब्ल्यूडी२०ईझेडएझेड एसएमआर. स्टिकरवर हे लिहिलेलं नसतं, कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलच्या माहितीपत्रकात रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी म्हणून एक ओळ असते, ती शोधायची. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसमध्ये सगळ्या सीएमआर असतात, २०२० च्या राड्यानंतर डब्ल्यूडीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस नाव दिलं, नुसत्या रेडपासून सावध. सिनेमे साठवायचे, महिन्यातून एकदा फोटोंचा बॅकअप टाकायचा, एवढंच काम असेल तर एसएमआर बिनधास्त घ्या, उगाच जास्त पैसे का घालवा. पण व्हिडिओ एडिटिंग करत असाल, गेम त्याच्यावरच टाकणार असाल किंवा नॅसमध्ये दोन-चार डिस्क एकत्र लावणार असाल तर सीएमआरच.

दुकानदार बऱ्याचदा पर्पल किंवा स्कायहॉक हातात ठेवतो कारण सीसीटीव्हीमुळे त्याचा खप तिचाच जास्त असतो आणि ती कायम स्टॉकमध्ये असते. कॉम्प्युटरला चालते का, तर चालते, साठवणुकीला काहीच हरकत नाही, वॉरंटी पण घरगुतीपेक्षा जास्त. फक्त ती सतत कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लिहीत राहण्यासाठी जुळवलेली असते, गेमसाठी नाही.

५. एसएसडीचं तंत्र वेगळं

इथे कंपन्यांचा नुसता बाजार आहे, कारण चिप्स विकत घेऊन पट्टीवर बसवायच्या आणि स्टिकर लावायचं एवढं कुणीही करू शकतं. चिप्स स्वतः बनवणारे मोजके, सॅमसंग, मायक्रॉन, एसके हायनिक्स, किऑक्सिया आणि सॅनडिस्क, शिवाय चीनची वायएमटीसी. तोशिबाचाच मेमरी विभाग २०१९ मध्ये किऑक्सिया झाला. सॅनडिस्क इतकी वर्षं डब्ल्यूडीच्या पोटात होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये वेगळी झाली, म्हणजे डब्ल्यूडीकडे हार्डडिस्क राहिल्या आणि एसएसडी सॅनडिस्ककडे गेल्या. क्रूशियल हा मायक्रॉनचा ब्रँड, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की किरकोळ ग्राहकांचा हा धंदा बंद करतोय, वॉरंटी मात्र पाळणार. दुकानात उरलेला माल मिळेल, घ्यायला हरकत नाही, पण तारीख बघून.

नवख्या माणसाने दोनच गोष्टी बघाव्यात. चिप टीएलसी आहे का क्यूएलसी (क्यूएलसीत तेवढ्याच जागेत जास्त डेटा कोंबतात, म्हणून ती स्वस्त पण हळू आणि कमी टिकाऊ), आणि टीबीडब्ल्यू किती. टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टीबी लिहीपर्यंत कंपनी वॉरंटी देते, उदाहरणार्थ सॅमसंग ८७० ईव्हो १ टीबीला ६०० आणि ५ वर्षं. रोज ५० जीबी लिहिलं, आणि घरात कुणी एवढं लिहीत नाही, तरी ६०० टीबी संपायला तीसेक वर्षं लागतील, तेव्हा एसएसडी झिजते ही भीती डोक्यातून काढा. झिजण्याआधी ती बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने जाईल, फर्मवेअर किंवा कंट्रोलर म्हणजे एसएसडी चालवणारी चिप. सॅमसंगच्या ९८० प्रोमध्ये असा फर्मवेअरचा प्रॉब्लेम निघाला होता, डिस्क फक्त वाचता येईल अशा अवस्थेत अडकायची, अपडेट टाकल्यावर मिटला. म्हणून एसएसडी लावली की कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर अपडेट एकदा बघायचंच.

नावावर किती भरवसा ठेवायचा याची गंमत २०२१ मध्ये दिसली. डब्ल्यूडी एसएन५५०, क्रूशियल पी२, सॅमसंग ९७० ईव्हो प्लस, तिन्ही मोठ्या कंपन्या आणि तिघांनीही नाव तेच ठेवून आतले भाग बदलले, क्रूशियलने तर टीएलसीच्या जागी क्यूएलसी. जुने रिव्ह्यू वाचून घेणाऱ्यांना वेगळाच माल मिळाला. त्यामुळे रिव्ह्यू बघताना तारीख बघा, दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

कधी न ऐकलेल्या नावाची, १६ टीबीची, हजार-दोन हजारांत मिळणारी एक्सटर्नल एसएसडी ऑनलाइन दिसली तर ती खोटी आहे. यात शंका ठेवू नका. आत एखादं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि फर्मवेअर खोटा आकडा सांगत असतं.

६. विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा भडकमकर मार्ग, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूला एस पी रोड, किंवा आपल्या गावातला नेहमीचा कॉम्प्युटरवाला, कुठूनही घ्या, पण पक्कं बिल घ्या आणि बिलावर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या. "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" असं कुणी म्हटलं तर वाचतात खरे, पण मग वॉरंटीच्या वेळी तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

डिस्क हातात आली की पाकीट फोडायच्या आधी तिथेच उभं राहून स्टिकरवरचा सिरियल नंबर मोबाईलवरून कंपनीच्या वॉरंटी तपासायच्या पानावर टाका. दुकानदाराला राग येत असेल तर येऊ द्या. तिथे वॉरंटी कधी संपते ती तारीख येते. तीन वर्षांची डिस्क घेतली आणि तारीख एक वर्षावर दिसली तर तो माल आधी कुठेतरी फिरून आलाय. ही डिस्क दुसऱ्या कंपनीला सिस्टीममध्ये बसवायला विकली होती अशा अर्थाचं काही आलं तर तुम्हाला कंपनीकडून वॉरंटी मिळणार नाही, दुकानदार "माझी वॉरंटी आहे ना" म्हणेल, ते त्याच्यावर किती विश्वास आहे त्यावर. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना आणि एमआरपी छापलेली असते, ती नसेल तर माल अधिकृत रस्त्याने आलेला नाही.

ऑनलाइन घेताना साइटचं नाव बघून उपयोग नाही, त्या साइटवर विकणारा कोण ते बघा. एकाच पानावर चार विक्रेते असतात आणि दोनशे रुपये कमी वाला आपोआप वर येतो. हार्डडिस्क नुसत्या बबलच्या पाकिटात टाकून पाठवलेली असेल तर मी ती न लावता परत करतो, आतली प्लेट आणि हेड यांच्यातलं अंतर नॅनोमीटरमध्ये असतं, कुरिअरवाल्याने ती कशी टाकली असेल ते आपल्याला माहितीये.

आणि नव्याच्या नावाखाली जुनी डिस्क हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही बरं का. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात, पहिल्यांदा जर्मनीत, उघडकीला आलं की सीगेटच्या एक्झॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या जातायत आणि त्या प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या आहेत, चिया नावाचं एक क्रिप्टो होतं जे हार्डडिस्कवर माइन करायचे, तिथून निघालेला हा माल असावा असं तपासात दिसलं. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यातले, तासांचे आकडे शून्य केले होते. पकडलं कसं, तर सीगेट डिस्कच्या आत फार्म नावाची दुसरी एक नोंदवही असते, ती पुसायची राहिली होती. नामांकित दुकानांतून सुद्धा असा माल गेला होता, म्हणून पुढची पायरी टाळू नका.

७. घरी आणल्यावर, डेटा टाकायच्या आधी

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. निळा गुड दिसला म्हणून बंद करू नका, खाली जी यादी आहे ती वाचायचीये. गोंधळ असा की त्यातले आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणजे पॉवर ऑन अवर्सच्या पुढे २ए९४ असं काहीतरी असतं आणि माणसाला वाटतं काहीतरी कोड असेल. तो कोड नाही, ते १०,९०० तास आहेत, जवळजवळ सव्वा वर्ष चोवीस तास चाललेली डिस्क. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दहाची पद्धत निवडा की साधे आकडे दिसतील. नव्या डिस्कला पॉवर ऑन अवर्स शून्य किंवा एक-दोन, चालू-बंद केल्याचा काउंट पण तसाच अगदी थोडा.

मग ०५ नंबरची ओळ, रिअलोकेटेड सेक्टर्स, आणि सी५ आणि सी६ या तीन ओळी. तिन्ही शून्य पाहिजेत. नव्या डिस्कमध्ये एक जरी आला तरी बदलून घ्या, जुन्या डिस्कमध्ये हे आकडे आठवड्यागणिक वाढत असतील तर त्याच दिवशी डेटा काढा. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, तो केबलचा आहे, केबल बदला. आणि सीगेट घेतली असेल तर ०१ नंबरच्या रीड एररच्या पुढे कोट्यवधीचा आकडा बघून घाबरू नका, सीगेटची मोजायची पद्धतच वेगळी आहे, त्यात बहुतांशी किती वेळा वाचलं तेच धरलेलं असतं. सीगेटची फार्म नोंदवही बघायची तर स्मार्टसीटीएल नावाचं कमांडवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, तिथले तास आणि क्रिस्टलचे तास जुळले पाहिजेत.

मग डिस्क एकदा पूर्ण लिहून बघायची. सोपा मार्ग, विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढून टाका, २ टीबीला चार-पाच तास लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी परत त्या तीन ओळी बघा. डिस्क जायची असेल तर सुरुवातीच्या दिवसांतच जायची शक्यता बरीच असते, तेव्हा अशी पिदडलेली बरी, आतमध्ये काही नसताना. एसएसडीला हे पूर्ण फॉरमॅट नको, पण क्षमता खरी आहे का अशी शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू चालवा, ते डिस्क भरेपर्यंत लिहितं आणि परत वाचून बघतं.

१ टीबी घेतली आणि ९३१ जीबीच दिसतेय? फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. २ टीबीच्या वरची डिस्क असेल तर सुरुवातीला विंडोज विचारतं तेव्हा जीपीटी निवडा, एमबीआर निवडलं तर २ टीबीच्या पुढची जागा दिसणारच नाही.

८. जुन्यावरून नव्यावर

विंडोज जसंच्या तसं हलवायचं असेल तर सॅमसंगचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच कंपन्या अॅक्रोनिसची आवृत्ती फुकट देतात, तीही त्यांची डिस्क लावलेली असेल तरच चालते. काहीच नसेल तर क्लोनझिला, दिसायला रुक्ष पण काम चोख. त्यात सोर्स आणि टार्गेट निवडताना दोन्ही डिस्क १ टीबीच्या असतील तर नुसत्या साइझवर जाऊ नका, मॉडेल नंबर वाचून निवडा, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते. जुनी डिस्क महिनाभर तरी तशीच ठेवा, फॉरमॅट करायची घाई नको. जुनी डिस्क आधीच टकटक आवाज करत असेल तर क्लोन वगैरे भानगडीत न पडता आधी फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, बाकी विंडोज काय परत टाकता येतं.

९. वॉरंटीत काय मिळतं

डिस्क मिळते, डेटा मिळत नाही. आणि डिस्क पण बहुतेक वेळा नवी मिळत नाही, कंपनीने दुरुस्त करून तपासलेली मिळते, स्टिकरवर रिसर्टिफाइड लिहिलेलं असतं आणि वॉरंटी मूळ डिस्कची जेवढी उरली असेल साधारण तेवढीच. बंद पडलेली डिस्क परत द्यावी लागते, म्हणजे तुमचे फोटो, बँकेची स्टेटमेंटं, आधारचे स्कॅन आत असलेली डिस्क कुरिअरने कुठेतरी जाणार, आणि डिस्क चालूच होत नसल्यामुळे ती तुम्हाला पुसताही येणार नाही. ज्याच्याकडे विंडोज प्रो आहे त्याने पहिल्याच दिवशी बिटलॉकर, म्हणजे डेटा पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशी विंडोजमधली सोय, चालू करावं, बाकीच्यांसाठी व्हेराक्रिप्ट आहे, फक्त रिकव्हरी की त्याच कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करून ठेवू नका.

डेटाची दुसरी कॉपी दुसऱ्या डिस्कवर असलीच पाहिजे, आणि शक्य असेल तर ती डिस्क दुसऱ्या कंपनीची किंवा निदान वेगळ्या महिन्यात घेतलेली, कारण एकाच बॅचच्या दोन डिस्क मागेपुढे जायची शक्यता जास्त. तिसरी कॉपी घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर.

आणि डिस्क कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी स्टिकरचा आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं होतं, आणि सिरियल नंबर नेमका कॅबिनेटच्या आतल्या बाजूला जातो.